समेटाचा कागद

चार महिन्यांच्या कंत्राटावर मला एकच गोष्ट बघायची होती. घरात मार खाणारी बाई सरकारी दारात गेली, तर तिथे तिला काय मिळतं? तालुके दोन, शहापूर आणि मुरबाड. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा येऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झाली होती. संरक्षण अधिकारी नेमले होते, म्हणजे आधीच्याच साहेबांच्या गळ्यात आणखी एक काम अडकवलं होतं. पोलीस ठाण्यांत महिला मदत कक्षाच्या पाट्या लागल्या होत्या. एका ठाण्यातली पाटी जप्त केलेल्या सायकलींच्या मागे होती आणि ती वाचायला मला सायकलींवरून वाकावं लागलं. या सगळ्याला गुण द्यायचं काम माझं. हातात दहा पानांचा छापील फॉर्म आणि डोक्यात राग. राग माझा स्वतःचा, तो काही कंत्राटात नव्हता.

मी याच भागात वाढले. नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, शेजारची काकी अधूनमधून दुपारी आमच्याकडे यायची. गाल सुजलेला, पदर पुढे ओढलेला. आई तिला काही विचारत नसे. सूप आणि तांदूळ तिच्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, जरा निवडून दे गो. काकी तासभर खडे काढत बसायची, मग उठून घरी जायची. मला आईचा संताप यायचा. ही भित्री आहे, असं मी तिला तोंडावर म्हटलंही होतं. पुढे शिकले, गळ्यात ओळखपत्र आलं, आणि मला वाटलं की ते दिवस आता सरले.

ज्या कचेरीबद्दल सांगायचंय ती दोनपैकी कुठल्या तालुक्यातली, ते सांगत नाही. जिची ही गोष्ट आहे ती बाई अजून त्याच मुलखात राहते. तिथले साहेब, म्हणजे संरक्षण अधिकारी, निवृत्तीला आलेले, मायाळू गृहस्थ. मी गेले की आधी चहा, मग नोंदवही. नोंदवही बघून मी थक्क झाले. इतर ठिकाणी गिचमिड, खाडाखोड, अर्धी पानं कोरी. इथे सुवाच्य अक्षर, रकाने आखलेले, आणि शेवटच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द, समेट. साहेब अभिमानाने म्हणाले की आपल्या हातून एकही घर मोडलेलं नाही. आमच्या फॉर्मातही समेटाला सगळ्यात जास्त गुण होते. मी भराभर खुणा करत गेले. इतका चांगला तक्ता माझ्या हाती पहिल्यांदाच लागला होता.

पण नियमाप्रमाणे पाच बायकांच्या घरी जाऊन खातरजमा करायची होती. चौघींची घरं रस्त्यालगत होती, ती झाली. पाचवी डोंगराच्या कडेच्या एका पाड्यावरची, नोंदवहीत चौदा नंबरची. तिचा समेट सहा-सात महिन्यांपूर्वी झालेला. तिकडची अंगणवाडीची बाई माझ्या सोबतीला होती. पंचविशीपासून तीच नोकरी करत केस पांढरे झालेली. ती म्हणाली, घरी नको जायला. पोरीला खाऊ न्यायला ती रोज अंगणवाडीत येते, तिथेच बोला. मी ऐकलं नाही. फॉर्मात गृहभेट लिहिलंय म्हणजे गृहभेट, असं मी ठणकावलं. खरं सांगायचं तर कंत्राट संपत आलं होतं आणि एका बाईसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा एवढं लांब यायचा मला कंटाळा आला होता.

शिवाय गेलो ते खात्याच्या जीपने. एसटी दिवसातून दोनदाच जायची. पाड्यावर जीप येते ती मतं मागायला, पोलिओचे डोस द्यायला, नाहीतर कुणाला उचलायला. आम्ही उतरलो तेव्हा सगळा पाडा ओट्यावर उभा होता.

आणि नवरा घरात होता. धरणावर ठेकेदाराकडे चौकीदार, तो दिवसाचा कामावर असतो असं आम्ही धरून चाललो होतो. त्याची पाळी बदललेली. उंच, नीटनेटका माणूस. त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. ती अंगणात नाचणी वाळत घालत होती. माझ्या मांडीवर फाईल होती आणि फॉर्मच्या माथ्यावर ठळक अक्षरात कौटुंबिक हिंसाचार असं छापलेलं होतं. तो दहावी शिकलेला आहे हे मला नोंदवहीतूनच ठाऊक होतं. मी फाईल पालथी केली.

"कसला सर्वे, मॅडम?" त्याने विचारलं.

"दारिद्र्यरेषेचा," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. बाईचा नाचणीवरचा हात थांबला, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा नाचणी पसरू लागली. मग मला ते नाटक पुरं करावं लागलं. घर पक्कं की कच्चं, संडास आहे का, माणशी कपडे किती, दोन वेळचं जेवण मिळतं का. आधीच्या सर्व्हेतले जेवढे प्रश्न आठवले तेवढे फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिले. उत्तरं तोच देत होता, अगदी प्रामाणिकपणे. ती एक शब्द बोलली नाही. शेवटी त्याने विचारलं, पिवळं कार्ड मिळेल का? मी म्हटलं, बघू. कुठे चौकशी करायची? मी म्हटलं, पंचायत समितीत. बुधवारी माझी सुट्टी असते, मी येतो, तो म्हणाला.

जीप पाड्याबाहेर पडली तेव्हा अंगणवाडीची बाई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "ताई, आता तो जानार. कागदाचा लई नादी हाय तो. तिथं सांगतील, असा काय सर्वे नाय. मग तो इचारील, जीप कोनाची व्हती."

जीपच्या दारावर साहेबांच्याच खात्याचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. मी म्हटलं, विचारलं तर विचारलं, माझ्या चुकीचं खापर तिच्यावर कसं फुटेल? तेव्हा तिने मला सांगितलं की समेटाच्या वेळी एक कागद झाला होता आणि त्याची एक प्रत नवऱ्याने प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली आहे. पुन्हा तक्रार केलीस तर हा कागद आहे, असं तो तिला म्हणतो, पण वाचून कधी दाखवत नाही. आता ही जीप बघून तो समजेल की तिने पुन्हा तक्रार केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक एवढाच की हात माझा होता आणि अवलक्षण तिच्या कपाळी येणार होतं.

तो सोमवार होता. मधे फक्त मंगळवार. त्या एका दिवसात मी सगळ्या सेवा खऱ्या अर्थाने तपासल्या, कारण मला त्यांची गरज होती. पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने विचारलं, तक्रार आहे का? मी म्हटलं, अजून काही झालेलं नाही, पण होईल. तो म्हणाला, झालं की या. मदतीच्या फोनवर फोन लावला तर तो त्याच इमारतीत दोन खोल्या पलीकडे कपाटात वाजत होता, आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. आधारगृह शहराकडे, तिथे आधी पत्र पाठवावं लागतं. साहेबांकडे गेले. त्यांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही खोटं कशाला बोललात? बरोबरच होतं. मग म्हणाले, दोघांना बोलावून मी पुन्हा समजावतो. मी हात जोडून नको म्हटलं.

उपाय काढला तो अंगणवाडीच्या बाईने. खोटं बोललाय ना, मग खरं करा. तो येईल त्या दिवशी अर्ज घ्यायला कुणीतरी बसलेलं असू दे. आणि तिने स्वतःच पाड्यावर निरोप दिला की अर्जावर बायकोचाही अंगठा लागतो. हे तिने का केलं ते मला नंतर कळलं. काही बिनसलं तर ती त्याच्यासोबत एकटी घरात नसावी, चार माणसांत असावी.

पंचायत समितीतले दारिद्र्यरेषेचं टेबल सांभाळणारे भाऊसाहेब रुक्ष म्हणून प्रसिद्ध होते. मी त्यांना अर्धवटच सांगितलं. ते मान वर न करता म्हणाले, यादीत नाव घालायचा अर्ज कोणीही कधीही करू शकतो, घेईन मी, पुढे मंजूर होईल न होईल. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

बुधवारी मी साडेनऊपासून त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दर एसटीला मान वळत होती. साडेअकराला ते आले. तो पुढे, ती मागे, कडेवर तीनेक वर्षांची पोर. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. मला बघून नमस्कार केला. अर्ज मीच भरून दिला. नाव, पाडा, माणसं तीन. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. आता भाऊसाहेबांनी शिक्का मारला की दोघं परत जाणार आणि मी सुटणार, असा हिशेब मी मनात मांडला. सुटणार फक्त मी, ती नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

भाऊसाहेबांनी कागदपत्रं मागितली. त्याने आपली सगळी फाईलच पुढे केली. घरातला सरकारी शिक्का असलेला एकूण एक कागद त्यात होता. असे कागद जितके जास्त तितकं काम पक्कं, ही त्याची समजूत. भाऊसाहेब एकेक उलटत पुटपुटत गेले, रेशनकार्ड, घरपट्टी, सातबारा, जन्माचा दाखला. मग प्लास्टिकमधला एक कागद हातात आला.

"हे काय?"

"ते पन सरकारी हाय," तो म्हणाला. "बायकोनं लिवून दिलेलं."

भाऊसाहेबांना कागद मोठ्याने वाचायची सवय होती. त्याच एकसुरी आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी लिहून देते की, मी रागाच्या भरात माझ्या पतीविरुद्ध खोटी तक्रार केली होती. पतीने मला कधीही मारहाण केलेली नाही. माझी चूक मला मान्य आहे. इथे त्यांचा आवाज बारीक झाला आणि पुढचं त्यांनी मनातच वाचलं.

टेबलाभोवती चार-पाच माणसं होती.

"असं नाय," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "सायबांनी वाचला तवा असं नवतं. तो मारनार नाय, असं लिवलंय त्याच्यात."

"गप ऱ्हा गो," तो हळूच म्हणाला. अगदी मऊ आवाजात.

ती गप्प राहिली नाही. तिने भाऊसाहेबांच्या हातातून कागद घेतला आणि माझ्यापुढे धरला. "ताई, तुमी वाचा."

तो माझ्याकडे बघत होता. मी वाचलं नाही तर माझं सोंग टिकणार होतं. काहीतरी गोलमाल वाचलं असतं तर दोघं घरी गेली असती, आणि मी भित्री ठरले नसते, शहाणीच ठरले असते. तेवढा विचार मी केला, लपवत नाही. पण ती ज्या तऱ्हेने कागदाकडे बोट लावून उभी होती, त्यापुढे माझी जीभ वळेना. मी कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. शेवटची ओळ होती, यापुढे मी पतीविरुद्ध कोठेही तक्रार करणार नाही.

"खाली अंगठा माझा हाय?"

"हो."

तिने पोरीला कडेवरून खाली उतरवलं आणि स्वतः टेबलाला टेकून फरशीवर बसली. "मंग मी आता घरी जात नाय," ती म्हणाली.

तो एक पाऊल पुढे आला. त्याने तिच्या दंडाला हात घातला, जोर न लावता, नुसता ठेवला. आणि ज्यांना मी दगड समजत होते ते भाऊसाहेब उठले. टेबलाला वळसा घालून दोघांच्या मधे आले आणि म्हणाले, तुमचा अर्ज घेतलाय, तुम्ही बाहेर थांबा. हे त्यांचं काम नव्हतं. त्यांच्या खात्याचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता आणि माझ्या दहा पानांत त्यांना गुण द्यायला एकही रकाना नव्हता. नवरा बाहेर गेला. त्याने फाईल काखेत धरली होती.

मी तिला घेऊन साहेबांकडे गेले. माझा आवाज इतका चढला की शिपाई आत आला. एकच गोष्ट विचारली, वाचलंत एक आणि लिहिलंत दुसरं, हे कसं? साहेब रागावले नाहीत, वाईटही वाटून घेतलं नाही. ते मला समजावू लागले. नवरा म्हणत होता, तसं लिहून दिल्याशिवाय घरात घेणार नाही. बाई म्हणत होती, मारणार नाही असं लिहिल्याशिवाय जाणार नाही. म्हणून तिला तिचं ऐकवलं, त्याला त्याचं लिहून दिलं. दोघांचंही समाधान झालं ना? त्या चेहऱ्यावर लबाडी शोधून मला सापडली नाही. त्यांना खरोखर वाटत होतं की आपण एक संसार वाचवला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. त्या चौदाव्या ओळीपुढे सगळ्यात जास्त गुणांची खूण मीच केलेली होती.

कायद्याप्रमाणे घटनेचा अहवाल लिहायचा असतो. तो त्यांनी माझ्यासमोर लिहिला. ती जे जे सांगत गेली ते सगळं मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. लिहून झाल्यावर साहेबांनी शाईचा पॅड पुढे केला. तिने हात मागे घेतला. आधी ताईंना वाचू दे, म्हणाली. मी वाचलं. पुन्हा वाचा, म्हणाली. मी पुन्हा वाचलं. मग तिने अंगठा दिला आणि साहेबांच्या टेबलावरच्या कापडाला पुसला.

पुढे कोर्टात काय झालं ते लांबलचक आहे आणि अर्ध्याहून जास्त वेळ तारखांत गेला. माझा अहवाल वरून परत आला. यशस्वी प्रकरणांची संख्या एकाने कमी कशी झाली, याचा खुलासा मागितला होता. खुलासा मी चार पानी दिला, त्याचं उत्तर आलं नाही.

पण त्या बुधवारी तिला भावाकडे पोचवायचं होतं. भाऊ दुसऱ्या तालुक्यात. दुपारच्या एसटीत आम्ही बसलो. तिने मला खिडकीकडे बसवलं आणि स्वतः आतल्या बाजूला, पोर मांडीवर. दोन मिनिटांत मला कारण कळलं. तो स्टँडवर आला होता आणि आमच्या खिडकीखाली उभा होता. ओरडला नाही, हाक मारली नाही. नुसता उभा, फाईल काखेत. ड्रायव्हर चहाला गेलेला. गाडीत माणसं चढत होती, बोचकी वर ठेवत होती, आणि माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर त्याचं डोकं दिसत होतं. तो कधीही मागच्या दाराने वर येऊ शकत होता. तो आला तर मी काय करणार होते, मला आजही माहीत नाही. ती समोरच्या सीटकडे बघत पोरीच्या पाठीवर हात फिरवत होती.

अखेर गाडी सुटली. तो तिथेच राहिला. गावाबाहेरचा पूल मागे पडला. मग मी तिला म्हटलं की माझं चुकलं, जीप घेऊन तुझ्या दारात यायला नको होतं, खोटं बोलायला नको होतं.

"त्या दिशी तुमी गेल्यावर त्यानं मारलं नाय," ती म्हणाली. "येवढंच इचारलं, ती बाई तुला वळखते काय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"नाय वळखत, म्हनलं." पोर झोपली होती. मग तिने माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, "तुमी मला वळखत व्हता काय, ताई?"

मला तिचं नाव माहीत होतं, वय माहीत होतं, किती वर्षं मार खाल्ला ते माहीत होतं, नोंदवहीतला नंबर माहीत होता.

"नाही," मी म्हटलं.

"मंग मी काय खोटं बोलले नाय," ती म्हणाली आणि पोरीच्या डोक्यावर पदर ओढून घेतला.